परकं चाक

गाड्या आपापसांत बोलत त्या काळातली गोष्ट. घाटाखालच्या गावात शेवंता नर्सबाईंची जुनी मोटारसायकल होती. एका सकाळी खड्ड्यात आपटून तिचं पुढचं चाक वाकलं, आणि नेमका तेव्हाच घाटावरून निरोप आला, "बाळंतीण अडलीय, लवकर या!"

इलाही मिस्त्रीकडे एकच चाक होतं, तेही खूप नंतरच्या मॉडेलचं.

"हे परकं मला नको!" मोटारसायकल फुरफुरली.

"मलाही म्हातारीच्या गळ्यात पडायची हौस नाही," चाक म्हणालं. "हिचा आस बारीक, माझं मधलं छिद्र मोठं. मी डुगडुगेन!"

"म्हणून तर मध्ये बुश घालतो," म्हणत मिस्त्रीने पितळेचा तुकडा लेथवर कातला आणि दोघांच्या मध्ये घट्ट बसवला.

बाईंनी किक मारली. गाडी सुसाट निघाली!

"पुढच्या वळणावर खडी आहे, जप!" मोटारसायकल ओरडली.

"तू फक्त वाट सांग, माझी पकड पक्की आहे!" चाक गरजलं.

वळणामागून वळण मागे पडलं. घाटावर पोहोचताच बाई धावतच बाळंतिणीच्या घरात शिरल्या. अंगणात दोघं श्वास रोखून उभी राहिली. बऱ्याच वेळाने आतून बाळाचा टाहो ऐकू आला.

"ऐकलंस? वेळेवर पोहोचलो आपण!" चाक आनंदाने ओरडलं.

"हो रे," मोटारसायकल म्हणाली, "आपण!"