टायरखालचं लिंबू

गाड्यांचं बोलणं माणसांना ऐकू यायचं, त्या काळातली ही गोष्ट. मनावर मात्र तेव्हाही कुणी घ्यायचं नाही.

दसऱ्याला नातवंडांना घेऊन घाट उतरायचा म्हणून विश्रामरावांनी गाडीची पूजा केली. बॉनेटवर झेंडूची माळ घातली. पुढचा टायर पार गुळगुळीत झाला होता, आतली तार दिसत होती. त्यालाही काळं पॉलिश चोपडून त्यांनी पुढ्यात लिंबू ठेवलं.

टायर भडकला. "विश्रामराव, झिजलोय मी! बदला मला, पॉलिश कसलं फासताय? घाटातल्या वळणावर माझी पकड राहील का?"

विश्रामराव उदबत्ती ओवाळत राहिले.

"कशाला चिडतोस?" लिंबू म्हणालं. "सगळ्यांच्या रक्षणाला मी आहे ना!"

"तू? तुला तर आत्ता मीच चिरडणार आहे!"

गाडी सुरू झाली. मागच्या सीटवर पोरं खिदळत होती. ते ऐकून टायरचा संताप अनावर झाला. घाटात फुटण्यापेक्षा इथंच फुटलेलं बरं, असं म्हणत तो लिंबावर चढला आणि दारातच फाडकन फुटला.

विश्रामराव खाली उतरले. त्यांनी टायरला एक लाथ घातली आणि घरात हाक मारली, "अगं, लिंबू किडकं निघालं! चांगलं बघून दुसरं आण."