सरजा परटिणीचा घाट

आपल्या पणजोबांनीही ज्यांना पाहिलं नाही, अशा माणसांच्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी वेळुंबे गावात सरजा नावाची परटीण होती. ती आणि तिचा नवरा गेनू साऱ्या गावाचे कपडे नदीवर धूत. ओलं कापड हातात घेतलं की ते ज्याचं असेल त्याचं दुखणं सरजाला कळायचं, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात हैबती पाटलांच्या धोतरावर तिला पिवळट डाग दिसले, आणि त्यांत रक्ताची बारीक रेघ. कपडे पोचवायला गेली तेव्हा तिनं पाटलांना बाजूला गाठून हळूच विचारलं, "पाटील, लघवीला आग होतीय न्हवं? सारखं जावं लागतंय, आन् होतंय थेंबथेंब?"

पाटलांचा चेहरा उतरला. "बाईमाणसानं विचारायची गोष्ट आहे का ही? चालती हो," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी पाटलांना हुडहुडी भरून ताप आला. कंबर आणि ओटीपोट इतकं दुखू लागलं की त्यांना बसवेना. वैद्य नदीपलीकडे राहायचा, आणि नदीला पूर आलेला. नावाडी नाव सोडेना, म्हणून सरजाच पाण्यात उतरली. ती जिथून चालत गेली तिथं पूर गुडघ्याएवढाच झाला, असं म्हणतात. वैद्य आला, त्यानं महिनाभर औषध दिलं आणि पाटील वाचले.

मग त्यांनी सरजाला बोलावलं. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. पण मला काय झालं होतं ते कुणाला सांगायचं नाही. आणि गावातल्या कुठल्याच पुरुषाला पुन्हा असलं काही विचारायचं नाही. शपथ घे."

सरजानं शपथ घेतली. पण कुजबूज व्हायची ती झालीच. पाटलांसारखा माणूस लपवतो, म्हणजे हे दुखणं फार लाजेचं असणार, असं जो तो समजला. गेनूही तसंच समजला.

थंडी पडली तसा गेनू आपलं धोतर स्वतःच धुवायला लागला, बायकोपासून लांब, नदीच्या वरच्या अंगाला. सरजाला वाटलं, आपलं काम हलकं करतोय. एका सकाळी तो घाटावर कोसळला. अंग तापानं फणफणलं होतं, लघवी दोन दिवस तुंबलेली होती. तेव्हा कुठं तिनं त्याचं धोतर हातात घेतलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"पाटलांनी ज्याची लाज धरली, ते मी कुठल्या तोंडानं सांगू?" गेनू म्हणाला.

वैद्य आला, पण फार उशीर झाला होता.

सरजा इतकी रडली की डोहाचं पाणी आठ दिवस खारट लागत होतं, असं म्हणतात. गेनूला उचलण्याआधी पाटील अंगणात येऊन उभे राहिले. मान खाली घालून सगळ्यांदेखत म्हणाले, "याला झालं तेच मला झालं होतं. मी बोललो असतो तर हा जगला असता." सरजानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा तिनं कुणाचंच कापड हातात घेतलं नाही, आणि वर्षाच्या आत तीही गेली.

आजही पौषातल्या अमावस्येला वेळुंब्याचे पुरुष घाटावर जमतात. याला सरजाचं बसणं म्हणतात. नारळ नाही, गुलाल नाही. सगळ्यांत म्हातारा माणूस आधी आपल्या शरीराचं काय दुखतंय ते मोठ्यानं सांगतो, मग एकेक जण सांगतो. ज्याला गरज असेल त्याला दोघे जण दुसऱ्याच दिवशी तालुक्याला डॉक्टरकडे नेतात. गेल्या वर्षी एक जण नुसता पाण्याकडे बघत गप्प बसून राहिला. ऊन माथ्यावर आलं, कलंडलं, तरी तो बोलेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.