सुपातले वाण

सासूबाईंनी हाती सोपवलेले दुधी भोपळ्याचे बी मंजुळाकाकू राखेत घोळून जपत आणि दर मृगात अंगणातील मांडवाखाली टोकत. तसा लोण्यासारखा मऊ दुधी पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हता. यंदा बी भरपूर निघाले, तेव्हा ते साऱ्या गावाला द्यायचे काकूंनी ठरवले.

ही वार्ता जहागीरदार रंगरावांच्या कानी गेली. ऐन संक्रांतीला ते काकूंच्या अंगणात येऊन उभे ठाकले. हळदीकुंकवाला काकूंच्या बियांच्या सुपाभोवती जमलेल्या बायका पदर सावरून बाजूला झाल्या.

"काकू, असले उंची वाण गावभर उधळू नये. ते आमच्याच बागेत शोभेल. सुपातले सारे बी आमच्या हवाली करा."

काकूंनी सूप जवळ ओढले आणि कानामागे हात धरला.

"सरकार, मला जरा कमी ऐकू येते. सुपात काय आहे म्हणालात?"

"वाण! अस्सल वाण!" रंगराव गरजले.

"ऐकलेत ना गं बायांनो? खुद्द सरकारांच्या मुखातून आले. मग संक्रांतीचे वाण कोंडायचे असते की लुटायचे?"

"लुटायचे!" बायका एकसुरात म्हणाल्या.

रंगराव तोंड उघडणार, तोच गर्दीतून एक जरीचा पदर पुढे पसरला. तो त्यांच्याच पत्नीचा होता.

"काकू, पहिले वाण मला घाला," त्या म्हणाल्या आणि यजमानांकडे वळल्या, "इकडून हळदकुंकू घ्यायचे आहे का?"

रंगराव जोडे शोधू लागले.

पुढल्या श्रावणात घरोघरच्या मांडवांवर दुधी लोंबत होते. जहागीरदारांकडेही चार वेल होते. साऱ्यांसारख्याच वाट्याला आलेल्या पाच बियांपैकी तेवढ्याच रुजल्या होत्या.