गेनूची सात दिवसांची भिंत

एका गावात एक भोळा गवंडी होता, गेनू. सांगितलं तेवढंच करायचा, पण करायचा अगदी जीव ओतून.

गावात झुंबरशेठचं गोदाम बांधायचं काम चाललं होतं. एक दिवस तिथं विटा रचणारं मशीन आलं. लांबलचक लोखंडी हात, न चहा मागणारा, न तंबाखू. बाबाजी मुकादमानं अकरा गवंडी घरी पाठवले. मशीनच्या हाताशी एकच माणूस ठेवला. तो गेनू, कारण तो उलटून बोलत नसे.

बायको ठकू म्हणाली, "अहो, अकरा जणांच्या चुली थंडावल्यात. आपली राहिलीय. मुकादम सांगेल तस्संच करा."

"तस्संच करतो," गेनू म्हणाला.

पहिल्या दिवशी मुकादमानं सांगितलं, "मशीनवर नजर ठेव."

गेनूनं ठेवली. विटा संपल्या. मशीन दुपारभर रिकामा हात हवेत फिरवत राहिलं.

"गेन्या, विटा संपल्या, दिसलं नाही?"

"दिसलं की! नजर ठेवली होती ना."

मुकादमानं कपाळ बडवलं. "अरे, रिकामा हात पुढं आला की त्यात वीट ठेवायची!"

दुसऱ्या दिवशी झुंबरशेठ काम बघायला आले. चहाच्या कपासाठी त्यांनी हात पुढं केला. गेनूनं त्यात वीट ठेवली. ती सुटली ती थेट शेठच्या अंगठ्यावर.

शेठ एका पायावर नाचत घरी गेले. मुकादम म्हणाला, "माणसाला वीट देतात होय? दमूनभागून आलेल्याला गार पाणी द्यावं!"

तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. मशीन घरघरायला लागलं, मग धापा टाकल्यासारखं टुक टुक करत थांबलं. गेनूला दया आली. "दमलं बिचारं," म्हणत त्यानं माठातलं गार पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, घोटाघोटानं. फाटकन ठिणगी उडाली, धूर निघाला.

शहरातून दुरुस्तीवाला आला. मुकादमाचा घसा बसला होता, तरी तो ओरडला, "पाणी मशीनला नाही, भिंतीला मारतात! ताज्या भिंतीला सात दिवस कुणी हात लावायचा नाही, नुसतं पाणी मारायचं. आणि मशीनला तर तू बोटसुद्धा लावू नकोस!"

गेनूनं बोटांवर मोजून सगळं पाठ केलं.

चौथ्या दिवशी शेठ आणि मुकादम गोदामातली आतली खोली बघायला गेले. दुरुस्तीत मशीनच्या नकाशातलं दार कुठंतरी गळालं होतं. दाराची जागा दिसताच मशीननं ती सपासप विटांनी भरायला घेतली. रिकामा हात पुढं आला की गेनू बोट न लागू देता त्यात वीट ठेवत होता. आतले दोघं विटांच्या दराबद्दल भांडत होते. वळून बघतात तो वर वीतभर फट उरलेली.

"गेन्या, मशीन थांबव!"

"बोटसुद्धा लावायचं नाही, मुकादम."

फटीखालची शेवटची वीट बसली, त्याच्या वर हात पोचेना आणि मशीन गप्प झालं.

"मग भिंत फोड!" शेठ किंचाळले.

"ताजी आहे, शेठ. आज पहिलाच दिवस."

मुकादम फटीशी तोंड आणून रडकुंडीला आला. "लेका, त्या अकरा गवंड्यांना बोलाव. सगळ्यांना परत कामावर घेतो, पण भिंत पाडायला बोलाव!"

"बोलावतो की," गेनू म्हणाला. "सात दिवसांनी."

आणि त्यानं पाण्याची नळी उचलून फटीपासून भिंत भिजवायला घेतली.

"गेन्या, पाणी आत येतंय!"

"म्हणजे चांगलं मुरतंय," असं म्हणून गेनूनं नळ आणखी मोठा सोडला.