पाटलांच्या मिशीखालची खूण

त्या साली काशीगीर महाराजांचा मुक्काम नांदखेडच्या महादेवाच्या देवळात होता. पाटलांची धाकटी सून सगुणा रोज पहाटे देऊळ झाडून जाई. महाराजांवर तिची अढळ श्रद्धा. सासरे रायाजी पाटील मात्र भरघोस मिशीला पीळ देत म्हणत, "गोसावड्याच्या नादानं कुणाचं भलं झालंय?"

पुढे सगुणाला मुलगी झाली. तिचा ओठ फाटलेला, टाळूला चीर. झालं! पाटलांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "गिराणात काकडी चिरली असंल हिनं! कुळाला डाग लावला." सगुणा ग्रहणभर हात जोडून बसली होती, पण ऐकतो कोण! लेकराला दूध ओढता येईना, पाजलेलं नाकातून येई. चौथ्या दिवशी रडणंही क्षीण झालं. पाटलांनी मायलेकींना कायमचं माहेरी धाडायला गाडी जुंपली, तशी सगुणा लेक उराशी धरून देवळाकडे धावली. पाटील तणतणत मागे.

बाळंतपणाचा विटाळ म्हणून ती पायरीखालीच थांबली. महाराजच उतरून आले.

"म्हाराज, म्या इळीला हातबी लावला न्हाई वो. माझं लेकरू जगवा!"

"पोरी, आभाळातल्या सावलीनं ओठ चिरत नाही. कधी ते रक्तातून येतं, कधी आईच्या उपासमारीनं, चुलीच्या धुरानं, कधी सगळं मिळून. कधी कारण सापडतही नाही." महाराज पाटलांकडे वळले. "सून धुरात राबून शेवटी उरलंसुरलं खात होती ना? आता मिशी जरा वर करा."

पाटील गोरेमोरे झाले. त्यांनी मिशी उचलली. खाली ओठावर जन्माची खाच होती, चाळीस वर्षं झाकलेली!

"तुमच्या आईनं तुम्हांला बोंडल्यानं पाजलं. ते माळ्यावर, बाजरीच्या कणगीमागे आहे. आणा."

महाराजांनी त्या घरात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं! पाटील धावत गेले. लहानग्यांना दूध पाजायचं ते चोचीचं चांदीचं भांडं जागच्या जागी होतं.

महाराजांनी बाळ उभं धरायला लावलं. सगुणा आपलं दूध बोंडल्यात काढून, नाम घेत थेंब थेंब सोडू लागली. सगळ्यांचे डोळे त्या इवल्या नाकावर. एकही थेंब परत आला नाही! बोंडलं रिकामं झालं आणि लेकरू तृप्त झोपलं.

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "इथे नको. जिला बोल लावलात, तिथे."

पाटलांनी पागोटं सुनेपुढे ठेवलं. "पोरी, आलं माझ्या रगतातून, अन् खापर तुझ्या माथी फोडलं."

बाराव्या दिवशी बारशाला पाटील मिशी उतरवून आले. पाळण्यात घालण्याआधी त्यांनी नातीच्या पायांवर डोकं टेकलं, आणि आजा-नातीचे ओठ सगळ्या गावाने पाहिले.