मागच्या अंगणातलं घर

फार फार वर्षांमागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. घरं सगळी गवती छपरांची, आणि डोंगरावर उन्हाळ्यात वणवा ठरलेला. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. सुगी झाली की दर कुटुंबामागे नव्हे, दर छपरामागे एक वाटा द्यायचा: गवताचे भारे, बांबू आणि थोडं धान्य. तो देवळामागच्या कोठारात ठेवायचा. ज्याचं छप्पर जळेल त्याला गावाने त्यातून घर उभं करून द्यायचं. कोठार सांभाळायला एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

त्या गावात सटवाजी नावाचा सुतार राहत होता. हात कसबी, घर भरलेलं. बायको होती, लेकरं होती. त्याची धाकटी बहीण भागू विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा सटवाजीने मागच्या अंगणात तिच्यासाठी एक खोपटवजा घर बांधलं. दाराची चौकट त्याने आपल्या घराच्या चौकटीहून सुबक केली. भागू तिथे गोधड्या शिवू लागली. तिचा टाका इतका नेटका, की गावातल्या बाया आपल्या गेलेल्या आईची, सासूची लुगडी तिच्याकडे आणून देत. त्यांची गोधडी झाली की म्हणत, आई पुन्हा अंगावर हात ठेवते आहे.

सुगी संपली. आबा वाटा गोळा करायला आले. मागचं नवं छप्पर पाहून त्यांनी विचारलं, याचा वाटा कुठाय?

सटवाजी हसला. म्हणाला, हे काही वेगळं घर नाही. कुंपण एक, विहीर एक, चूलही कितीदा एकच असते. आबांनी समजावलं, की रीत छपराची आहे, कुंपणाची नाही. पण सटवाजी ऐकेना.

ते गेल्यावर भागू म्हणाली, "दादा, गवत मी कापून आणते. माझ्या छपराचा वाटा मीच देते."

"वेगळा वाटा दिला तर गाव म्हणेल, सटवाजीने बहिणीला वेगळं काढलं," तो म्हणाला. "माझ्या घराला आहे ते तुझ्या घराला आहेच."

भावाने इतक्या मायेने सांगितल्यावर ती काय बोलणार? खरं सांगायचं तर त्या मायेत थोडा आळस होता, थोडी कंजुषीही होती. पण ते सटवाजीला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

दोन उन्हाळे सुखाचे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी वणवा डोंगर उतरून आला. वारा गावाकडेच होता. माणसं वाचली, गुरं वाचली, पण वरच्या आळीतली घरं गेली. सटवाजीच्या घराचं निम्मं छप्पर जळालं. मागचं घर तर राखच झालं. लोकांची लुगडी, धोतरं, अर्ध्या शिवलेल्या गोधड्या, काही उरलं नाही. भागू त्या राखेजवळ बसली आणि कोणाकोणाच्या आईचं काय काय होतं ते पुटपुटत राहिली.

डोंगर काळा पडला होता. पुढच्या सुगीपर्यंत कुठे गवताची काडी मिळायची नाही. जे काय होतं ते कोठारात.

सटवाजी देवळात गेला. आबांनी त्याच्या घराचं गवत, बांबू मोजून बाजूला काढून ठेवले होते. त्याने भागूच्या घराचं मागितलं.

आबांचे डोळे भरून आले. "बाबा, त्या छपराचा वाटा इथे कधी आलाच नाही. ज्यांनी दिला, त्यांनाच हे कसंबसं पुरतंय. कोणाच्या डोक्यावरचं काढून तुला देऊ?"

आपल्या वाट्याचं गवत घेऊन तो घरी आला. ते मागच्या अंगणात न्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण दारात लेकरं उघड्या आभाळाखाली बसली होती. त्याने आपलंच घर शाकारलं. भागूला म्हणाला, तुझं पुढच्या सुगीला करू.

आत लेकरांनाच जागा पुरेना, म्हणून भागू ओसरीवर राहिली. पावसाळाभर अंथरूण ओलं. गोधडी शिवायला कोरडी जागा नाही, आणि आता कोणी लुगडं आणूनही देईना. ज्यांची जळली होती त्या बाया रागावल्या नव्हत्या, पण तिला पाहिलं की त्यांचे डोळे पाणावत. तेच भागूला सोसेना. पावसाळा सरताच ती दूरच्या गावी दिराकडे मोलमजुरीला गेली. सटवाजीने थांब म्हटलं. पण कुठे थांब, हे त्याला सांगता आलं नाही.

सुगी आली. डोंगरावर गवत वाढलं होतं. सटवाजीने हातातली सगळी कामं सोडून मागचं घर पुन्हा उभारलं. त्याचा वाटा आधी कोठारात पोचवला आणि मग बहिणीला आणायला निघाला.

दिराच्या घरी पोचला तर दीर दाराशी आला. म्हणाला, "थंडी पडताच ताप आला, तो उतरलाच नाही. निरोप धाडणार होतो, तर नको म्हणाली. शेवटपर्यंत सांगत होती, माझ्या दादाने मला घर बांधलंय, फक्त छप्पर घालायचं राहिलंय."

सटवाजी तिथेच खाली बसला. मग परत आला. त्या घरात पुढे कोणी राहिलं नाही. त्याचा वाटा मात्र सटवाजी जिवंत होता तोवर दर सुगीला देत राहिला, आणि आबा होते तोवर त्यांनी घेताना त्याला कधी काही विचारलं नाही.

बोध एवढाच: आपलं माणूस ज्या छपराखाली झोपतं, त्याची तजवीज आपल्या घराच्या तजविजीत आलीच असं धरून चालू नये, ती वेळीच, वेगळी करून ठेवावी.