चाळीस हजारांची लेन्स

मिरजेत तीस वर्षं कॅमेरे विकताना मी नाना तऱ्हेचे व्यापारी पाहिले, पण असा एकच. लग्नांचे फोटो काढणारी वृषाली कोरे दुकानात आली, ती मला खिजवायलाच. माझ्याकडची दीड लाखाची लेन्स तिला ऑनलाइन चाळीस हजारांत, नवीकोरी मिळत होती. दोन लग्नसराईंची शिल्लक ती आत्ताच पाठवणार होती.

"काका, तुम्ही तर एक रुपया सोडत नाही!"

"नाही सोडत. पण आधी त्या ऑनलाइनवाल्याला फोन लाव."

स्पीकरवर रुबाबदार आवाज आला. "आम्ही मोठे डीलर आहोत, तुमच्या गावातले टपरीवाले नाही. बारापर्यंत पैसे आले नाहीत तर माल गेला!"

"साहेब, टपरीवालाच बोलतोय," मी म्हणालो. "मी ऐंशी हजार देतो. माणसाबरोबर लेन्स पाठवा. खोकं इथं काउंटरवर उघडू, रोख घेऊन जाऊ दे. गाडीभाडंही माझं."

"नको, नको! चाळीसच द्या, पण आधी पाठवा."

मी वृषालीकडे वळलो. "दुप्पट नको म्हणणारा व्यापारी पाहिलायस कधी? लेन्स असती, तर हा एव्हाना मिरजेच्या गाडीत बसला असता."

तिने फोन कट केला.

"बरं काका, आता तुम्ही किती सोडता ते बोला!"